पाठ केलेली शेवटची ओळ

चष्मेवाल्यांकडे स्वतःच्या दुखण्याची एक फाईल होती, आणि ती त्यांनी इतकी टापटीप ठेवली होती की फाईल बघूनच दुखणं कळावं. आत चार डॉक्टरांचे चार कागद होते, गेल्या अठरा वर्षांतले, तारखेप्रमाणे लावलेले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पानाचा नंबर. पहिल्या कागदावर डिप्रेशन लिहिलं होतं, दुसऱ्यावर अँक्झायटी, तिसऱ्यावर ओसीडी. चौथा कागद घराजवळच्या नेहमीच्या डॉक्टरांचा. त्यांनी बराच वेळ पेनचं टोपण चावून नुसतं 'स्वभाव' असं लिहिलं होतं आणि खाली रेघ मारली होती. बायकोला विचाराल तर चौघांत शिकलेला तेवढा तोच.

दुखणं म्हणजे काय होतं, तर तपासणं. चष्मा तयार झाला की ते तो नंबर मोजायच्या यंत्राखाली धरत. नंबर बरोबर निघे. मग दुसऱ्यांदा धरत, कारण पहिल्यांदा धरताना मनात दुसराच विचार होता. मग तिसऱ्यांदा, कारण दुसऱ्यांदा धरताना आपला पहिला विचार काय होता याचा विचार चालला होता. बाहेर गिऱ्हाईक आरशात स्वतःचं नाक बघून कंटाळून जाई. 'दहा मिनिटांत देतो' म्हणजे पाऊण तास, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. घरी कुलूप, गॅस आणि नळ यांचीही पाळी लागे, पण ती बायकोनं वाटून घेतली होती. नळ तिच्याकडे होता.

हे सगळं असंच आयुष्यभर चाललं असतं, कारण माणूस गोड होता आणि गोड माणसाचं लोक फार चालवून घेतात. पण दुकानात लेक आली. रीतसर शिकून आली, चार वर्षं काउंटरला उभी राहिली, आणि फ्रेमच्या मापानं लेन्स घासण्यात बापापेक्षा तिचा हात सरस निघाला. ही गोष्ट चष्मेवाले शेजारच्या औषधवाल्याला सांगत, पोस्टमनला सांगत, दाताच्या डॉक्टरांना तोंड उघडं असतानाही सांगत. फक्त लेकीला सांगायची राहिली होती. तिनं चष्मा करून डबीत ठेवला, की हे डबी उघडून तो यंत्राखाली धरत.

एके दिवशी तर कहर झाला. एक बाई नवा चष्मा लावून, "वा, काय स्वच्छ दिसतंय," म्हणत दाराकडे निघाल्या होत्या. चष्मेवाले काउंटरला वळसा घालून धावले, 'एक मिनिट हं' म्हणाले, आणि बाईंच्या नाकावरून चष्मा काढून आत घेऊन गेले. नंबर बरोबर होता. तीनदा.

त्या दुपारी लेकीनं दाराची पाटी 'बंद'कडे फिरवली आणि ती बापासमोर बसली.

"बाबा, मला त्या चष्म्यांच्या मोठ्या कंपनीनं बोलावलंय. त्यांचं नवं दुकान तीन महिन्यांनी उघडतंय. तोवर हो की नाही ते सांगायचंय."

"तू काय सांगणार?"

"ते तुमच्यावर आहे. मी केलेला चष्मा माझ्या हातून गिऱ्हाईकाच्या हातात गेला पाहिजे. मध्ये तुमचा हात नको. तीन महिन्यांत हे जमलं, तर मी कुठे जात नाही. नाही जमलं, तर मी तुमच्यावर रागावणार नाही, पण जाईन."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं चष्मेवाल्यांना वाटलं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. हिनं सगळा विचार करून, थंड डोक्यानं सांगितलं होतं. त्यांना ती हवी होती. दुकानासाठी तर हवीच होती, पण दुपारी एकच्या सुमाराला आतल्या खोलीत डबा उघडताना 'बाबा, हात धुतले का' असं विचारायलाही हवी होती. ही गोष्ट मात्र तोंडातून निघाली नाही.

पाचव्या डॉक्टर पोस्टाच्या वरच्या मजल्यावर बसत. म्हणजे गोळ्या देणाऱ्या नव्हेत, बोलून उपचार करणाऱ्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. खोलीत तिरप्या ठेवलेल्या दोन खुर्च्या, एक झाड आणि कागदी रुमालांचा डबा होता. चष्मेवाल्यांनी सगळ्यात आधी काय पाहिलं असेल, तर मॅडमना चष्मा नाही आणि भिंतीवरचं घड्याळ बघताना त्या डोळे बारीक करतात. अर्धा नंबर तरी असावा.

मॅडमनी चारही कागद वाचले.

"यातलं खरं कुठलं?" चष्मेवाल्यांनी विचारलं. अठरा वर्षं हाच प्रश्न त्यांना पोखरत होता.

"मला एक सांगा. तुमच्याकडे कुणी आलं आणि म्हणालं, मला दृष्टिदोष आहे, चष्मा द्या. तुम्ही द्याल?"

"तसा कसा देणार? नंबर काढावा लागेल. डाव्या डोळ्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा, लांबचा, जवळचा, तिरका असेल तर तो किती आणि कुठल्या कोनात, ते सगळं."

"मग तुमच्या फाईलमध्ये चार वेळा दृष्टिदोषच लिहिलाय, वेगवेगळ्या शब्दांत. नंबर कुणी काढलाच नाही."

चष्मेवाले खुर्चीत सरसावून बसले. हे कुणी आधी का नाही सांगितलं, असं त्यांना झालं.

मॅडमनी एक छापील कागद काढला. त्यावर बेचाळीस वाक्यं होती आणि प्रत्येकापुढे शून्य ते चार आकडे. दर आठवड्याला तो भरायचा. त्यातून पाच पट्ट्या निघत: धास्ती, उदासी, काटेकोरपणा, माणसांपासूनचा दुरावा आणि उतावळेपणा.

"हे पाचही सगळ्यांत असतात," मॅडम म्हणाल्या. "माझ्यात आहेत, खालच्या पोस्टमास्तरांत आहेत. माणूस आजारी की धडधाकट, असा हा हिशोबच नाही. कुणात काय किती, एवढंच बघायचं. जी पट्टी सगळ्यात उंच, तिथून उपचाराला सुरुवात करायची. आणि जी सगळ्यात बुटकी, तीही विसरायची नाही. ती तुमची जमेची बाजू."

पहिल्या आठवड्याला चष्मेवाल्यांचा काटेकोरपणा जवळजवळ छताला टेकला होता. त्याच्या मागोमाग धास्ती. उदासी बेताची, उतावळेपणा नावाला. आणि दुरावा इतका कमी की पट्टी शोधावी लागली.

"तुम्हाला माणसं फार आवडतात," मॅडम म्हणाल्या.

"माणसांशिवाय चष्मे घालणार कोण?" चष्मेवाले म्हणाले. मॅडमनी तेही लिहून घेतलं.

उपचार सोपा होता, म्हणजे सांगायला सोपा. जे तपासावंसं वाटतं त्यातलं थोडं थोडं न तपासता सोडायचं आणि त्यानंतर होणारी तगमग सोसायची. ती आपोआप उतरते. चष्मेवाल्यांना हे लगेच पटलं. लेन्सचा नंबरही पावापावानंच बदलतो. एकदम दोन नंबर वाढवले तर माणसाला भोवळ येते. पहिल्या आठवड्यात त्यांनी घराचं कुलूप तीनदाऐवजी दोनदा ओढलं. दुसऱ्या आठवड्यात एकदाच, आणि जिन्यात दहा मिनिटं घाम पुसत उभे राहिले. तिसऱ्या आठवड्यात लेकीनं डबीत काच पुसायचं फडकं घातलंय की नाही, ते बघितलं नाही. घोडं बरं चाललं होतं.

चौथ्या आठवड्यात ते अडलं. लेकीनं केलेला वाचायचा एक साधा चष्मा न तपासता जाऊ द्यायचा होता. चष्मेवाल्यांनी तो जाऊ दिला नाही. टॉवेलखाली लपवून आत नेला, यंत्राखाली धरला, परत आणून ठेवला. कुणाला कळलं नाही. त्याच संध्याकाळी लेकीनं सहज विचारलं, "बाबा, उद्या तुमचा कागद ना? पट्टी कितीवर आली ते मला दाखवाल?"

दुसऱ्या दिवशी 'झालेलं काम पुन्हा तपासल्याशिवाय मला राहवत नाही' या वाक्यापुढे चार लिहायचे होते. चष्मेवाल्यांनी दोन लिहिले. दोनचा आकडा सुबक आला.

एकदा दोन लिहिल्यावर पुढच्या आठवड्यात चार कसे लिहिणार? मग दोनाचा एक झाला. मुळात माणूस हुशार, त्यातून चिकट. कुठलं वाक्य कुठल्या पट्टीत जातं, हे त्यांनी दोन आठवड्यांत ताडलं आणि बेचाळीस वाक्यं पाठ करून टाकली. काटेकोरपणाची पट्टी ते पाव-पाव करत खाली आणू लागले. मात्र सगळ्याच पट्ट्या सुधारल्या तर संशय येईल, असं धंद्यातलं शहाणपण त्यांनी इथे लावलं आणि उदासीची पट्टी मुद्दाम थोडी चढवून ठेवली. विश्वास बसायला काहीतरी बिघडलेलं असावं लागतं.

मॅडमनी कागद बघितला. "काटेकोरपणा छान उतरलाय. धास्तीही. पण उदासी वर आलीय, हे बरं नाही. आपण आता उपचार तिकडे वळवू."

उदासीचा उपचार असा होता, की रोज एक गोष्ट निव्वळ मजेसाठी करायची. ज्या माणसाला उदासी नाही, त्याच्या मागे मजा हात धुवून लागली. सोमवारी ते बागेतल्या तळ्यावर बदकं बघायला गेले आणि मोजणी चुकू नये म्हणून ती तीनदा मोजली. एकवीस. मंगळवारी रंगाची पेटी आणून सफरचंद काढलं आणि ते कंपासनं गोल आहे का ते पाहिलं. बुधवार-शुक्रवार बायकोबरोबर नाच शिकायचा वर्ग. बायको तर हरखून गेली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच कुठल्या डॉक्टरनं तिच्या मनासारखं औषध दिलं होतं. वर्गात चष्मेवाले प्रत्येक वळणानंतर थांबून तिचा खांदा सरळ आहे का ते बघत.

"अहो," ती म्हणाली, "माझा नंबर लागलाय तीस वर्षांपूर्वी. आता नाचा."

ही सगळी मजा ते एका वहीत लिहून ठेवत आणि 'मजा आली का' या रकान्यात बरोबरची खूण करत.

इकडे खरं दुखणं मोकाट सुटलं होतं. त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं ना. चष्मेवाले फिरायला जातो सांगून सकाळी साडेसहाला दुकान उघडत, लेकीनं आदल्या दिवशी केलेल्या सगळ्या डब्या उघडत, एकेक चष्मा यंत्राखाली धरत आणि डब्या होत्या तशा लावून ठेवत. डबीच्या तोंडाची दिशासुद्धा चुकत नसे. आठला घरी येऊन परत अंघोळ. दिवसभर डोकं दुखे.

आणि लेक खूश होती. "बाबा, तुम्ही खरंच बदललात हं," ती एकदा डबा उघडता उघडता म्हणाली. "मला वाटलं नव्हतं." त्या दिवशी चष्मेवाल्यांनी अर्धा डबा तसाच परत नेला.

मग एका सकाळी दुकानात ड्रायव्हरकाका आले. चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, पण घरच्या गाडीचा परवाना नव्यानं काढायला त्यांना डोळ्यांचा दाखला हवा होता. त्यांच्या आधी दोघं जण होते, म्हणून काका तपासायच्या खोलीच्या दारासमोरच्या बाकावर बसले. अर्धा तास बसले. वर्तमानपत्र हातात होतं, पण उलटं; कान आत तक्ता वाचणाऱ्यांकडे.

पाळी आल्यावर चष्मेवाल्यांनी विचारलं, "भिंतीवरच्या तक्त्यावर कुठवर वाचता येतंय?"

काकांनी वरच्या ओळी सोडून एकदम शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ एका दमात म्हणून टाकली.

चष्मेवाले उठले आणि त्यांनी तक्ता उलटा फिरवला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती. अशा गिऱ्हाइकांसाठीच ती होती. वर्षाला दहा-बारा तरी येत. काका तिसऱ्या ओळीवर अडखळले आणि चौथीला गप्प झाले.

"काका, पाठ केलेली ओळ म्हणून दाखवलीत तर मी चुकीचा नंबर देईन." हे भाषण चष्मेवाल्यांनी शेकडो वेळा केलं होतं, ते आपोआप तोंडातून येई. "तुम्ही घरी जाल, डोकं दुखायला लागेल, आणि म्हणाल की चष्मा बेकार."

"म्हणणार नाही. मला गाडी चालवायला मिळाली की झालं. घरात बसून काय करू मी?"

"पण फसवलंत कुणाला? मला? मला काय, मी खोटा नंबर खरा समजून त्याच्यावर मनापासून काम करीन आणि संध्याकाळी घरी जाईन. समोरचा खांब दिसायचा नाही तो तुम्हाला. डोळा माझा नाहीये..."

इथे चष्मेवाल्यांची गाडी थांबली. ते तक्ता धरून तसेच उभे राहिले. तीस वर्षं लोकांना पकडणारा माणूस स्वतः बेचाळीस वाक्यांची ओळ पाठ करून बसला होता, आणि चुकीच्या नंबराचा चष्मा घालून तळ्यावर बदकं मोजत होता. त्यांना आधी लाज वाटली, आणि मग हसू आलं. ते ड्रायव्हरकाकांसमोर खुर्चीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"मला हसताय?" काकांनी विचारलं.

"नाही हो. माझ्या ओळखीचा एक गृहस्थ आहे, त्याला हसतोय. चला, पहिल्यापासून वाचू. न दिसलं तर दिसत नाही म्हणा. त्याच्यावर उपाय आहे."

दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. टॉवेल, साडेसहा, पाठांतर, मुद्दाम चढवलेली उदासी. मॅडमनी मागचे सगळे कागद काढून ओळीनं मांडले.

"म्हणजे पाच आठवडे मी ज्या माणसावर उपचार करत होते, तो माणूस नव्हताच," त्या म्हणाल्या.

"नव्हता. मी तो फार नीट बनवला होता."

"त्याचाच मला संशय यायला हवा होता. खऱ्या माणसाची पट्टी अशी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत नाही. एक आठवडा खाली येते, दोन आठवडे वर जाते. पण मलाही ती तशी उतरलेली बघायला आवडली. ही चूक माझी." मग त्यांनी विचारलं, "बदकं किती होती?"

"एकवीस."

मॅडम हसल्या आणि चष्मेवाल्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. मग ते न विचारताच बोलू लागले. पंचविशीत असताना त्यांनी एका शाळेतल्या बाईंचा चष्मा केला होता आणि डाव्या-उजव्या लेन्सची अदलाबदल झाली होती. बाई तीन महिने डोकेदुखी सोसत तो घालत राहिल्या. परत आल्याच नाहीत. त्यांना वाटलं, चष्मा म्हणजे असंच असतं. पुढे योगायोगानं कळलं तेव्हा चष्मेवाले त्यांच्या घरी जाऊन रडले होते.

"त्या परत आल्या असत्या तर?" मॅडमनी विचारलं.

"तर पाच मिनिटांत बदलून दिला असता."

"हं," मॅडम म्हणाल्या, आणि नवा कागद पुढे केला. वाक्यांचा क्रम बदलला होता. चष्मेवाल्यांनी तो खरा भरला. काटेकोरपणा पुन्हा छताला भिडला. उदासी तळाला गेली. दुरावा तर पूर्वीपेक्षाही कमी झाला होता. तो बहुतेक नाचाच्या वर्गाचा परिणाम.

हाच कागद त्यांनी त्या संध्याकाळी लेकीच्या हातात ठेवला आणि सकाळच्या साडेसहाचंही सांगितलं. दोन दिवस तिनं डबा वेगळा खाल्ला. हे दोन दिवस चष्मेवाल्यांच्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस होते, आणि त्यांत त्यांनी एकही डबी उघडली नाही, कारण उघडायचं भानच नव्हतं. तिसऱ्या दिवशी लेक आतल्या खोलीत आली.

"किती दिवस उरलेत?"

"एकोणीस."

"मग बसा बाहेर. आत यायचं नाही."

मॅडमनीही हेच सांगितलं होतं. सगळ्यात बुटकी पट्टी कामाला लावायची. यंत्राजवळ बसलं की हात शिवशिवणार. गिऱ्हाइकांजवळ बसलं की तोंड. चष्मेवाले बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. लेक आत चष्मे करी आणि स्वतः हातात देई. तगमग सुरू झाली की चष्मेवाले समोरच्याला काहीतरी विचारत. एका शिंप्याला त्यांनी सुईत दोरा ओवण्याबद्दल अशी खोदून खोदून माहिती विचारली, की शिंपी खूश होऊन मित्राला घेऊन आला. पहिला साधा चष्मा न तपासता गेला तेव्हा तगमग विसाव्या मिनिटाला उतरली. पाचव्या चष्म्याला बाराव्या. मध्येच एका मंगळवारी सगळं बिघडलं, हात डबीपर्यंत गेला, झाकण अर्धं उघडलं. त्या आठवड्याची पट्टी वर गेली आणि त्यांनी ती तशीच वर लिहिली.

उत्तर द्यायच्या शेवटच्या दिवशी ड्रायव्हरकाकांचा चष्मा तयार झाला. प्रोग्रेसिव्ह लेन्स, म्हणजे वर लांबचं दिसणार आणि खाली वाचायचं; करायला सगळ्यात किचकट. लेकीनं तो काकांच्या हातात दिला. चष्मेवाल्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि काकांना विचारलं, "तुमच्या मार्गावर सगळ्यात अवघड वळण कुठलं होतं?" काका सांगत सुटले. चष्मा लावून बाहेर गेले.

दोन तासांनी परत आले.

"लांबचं झकास दिसतंय," ते म्हणाले, "पण वाचताना उजव्या डोळ्यासाठी मान वर करावी लागतेय."

लेकीनं चष्मा काकांच्या नाकावर बसवून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. उजव्या लेन्समधला वाचायचा भाग दोन मिलिमीटर खाली बसला होता. खूण करताना फ्रेम कलली होती. चूक तिची होती.

चष्मेवाल्यांनी पंचविशीपासूनची वर्षं ज्याला भिऊन काढली, ते समोर उभं होतं, मान वर करून. त्यांनी हात पुन्हा खिशात कोंबले आणि काका आता चिडतील म्हणून वाट बघत राहिले. काका खुर्चीवर टेकले.

"नवी लेन्स करावी लागेल," लेक म्हणाली. "चार दिवस लागतील. चूक माझ्याकडून झाली, काका."

"करा की. परवाना काही पळून जात नाही," काका म्हणाले. "पण मी आलो हे बरं केलं ना? मला वाटलं, उगाच कशाला त्रास द्यायचा."

"फार बरं केलंत," चष्मेवाले म्हणाले. सूर इतका कळकळीचा होता, की काकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "फार म्हणजे फार."

काका गेल्यावर चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं, की आपण हा चष्मा यंत्राखाली शंभर वेळा धरला असता तरी ही चूक सापडली नसती. नंबर बरोबरच होता. ती नाकावरच कळणार होती, आणि कळली. तगमग होती, पण ती आता ओळखीची झाली होती.

लेक काउंटरमागे मान खाली घालून फोनवर काहीतरी लिहीत होती. बराच वेळ लिहीत होती.

"कंपनीला उत्तर लिहिलंय," ती म्हणाली आणि तिनं फोन पुढे केला. "बाबा, पाठवायच्या आधी एकदा नजर टाका."

चष्मेवाल्यांना माहीत नव्हतं त्यात हो आहे की नाही. आजच, याच घटकेला तिची चूक झाली होती. अशा वेळी माणूस काहीही लिहितो. एका नजरेत कळलं असतं. फोन हातभर अंतरावर होता आणि अक्षरं धूसर दिसत होती.

"चष्मा कपाळावर आहे तुमच्या," लेक म्हणाली.

"माहितीये. तिथेच बरा आहे." त्यांनी हात खिशातून काढले नाहीत. "तू लिहिलंयस ना? मग पाठव. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे तुला सांगायचं राहिलं होतं."

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग बोट टेकवलं. पत्र गेलं. तिनं फोन खिशात टाकला, ओट्यावरची घासलेल्या लेन्सची पूड पुसली, दिवे मालवले, आणि दुकानाला कुलूप लावलं. एकदाच. किल्ली तिनं स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"उद्यापासून दुकान मी उघडणार," ती म्हणाली. "रोज. तुम्ही दहाच्या आधी यायचं नाही."

रस्त्यात चष्मेवाल्यांनी तिची पर्स हातात घेतली आणि घरापर्यंत वागवली.

दुसऱ्या दिवशी ते दहाला पाच मिनिटं कमी असताना पोचले आणि समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. काचेतून आतली गर्दी दिसत होती. लेकीनं एका गिऱ्हाइकाच्या हातात डबी दिली, मान वर केली आणि हात हलवून त्यांना आत बोलावलं. चष्मेवाल्यांनी मान हलवली, मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, आणि ते तिथेच उभे राहिले.